देवाने पाठवलेली शेळी

आमच्या घरात कोणतीही गोष्ट नुसती घडत नसे. ती देवाच्या कृपेने घडत असे. चैत्रात विहिरीला पाणी टिकलं तर कृपेने, बाबांचा सर्दीचा खोकला उतरला तर कृपेने, आणि शाळा तपासायला आलेले साहेब मुलांना कठीण गणित न विचारता निघून गेले तर विशेष कृपेने. बाबा मिशनच्या प्राथमिक शाळेचे हेडमास्तर होते. त्यांचं मराठी छापल्यासारखं होतं आणि त्यांची प्रार्थना त्याहून छापल्यासारखी. जेवणापूर्वी ते उपकार मानायला लागले की ज्वारी पेरणाऱ्यापासून, पाऊस पाडणाऱ्यापासून, जातं ओढणाऱ्या हातांपर्यंत क्रमाने येत. तोवर भाकरी वातड होत असे. एकदा "ही भाकर करपली नाही याबद्दलही" असं ते म्हणाले, तेव्हा आई डोळे मिटल्या मिटल्याच पुटपुटली, "मी चुलीम्होरनं हालले न्हाय, म्हनून न्हाय करपली." बाबांनी आमेन जरा लवकर म्हटलं.

आई वैरागकडची. लग्न होऊन इतकी वर्षं झाली, मिशनच्या शाळेत दोन इयत्ता शिकली, तरी तिचं बोलणं गावाकडचं ते गावाकडचंच राहिलं. बाबा तिला सुधारायला जात आणि ती "व्हय व्हय" म्हणत असे, म्हणजे सुधारणा तिथेच संपे. आमच्या दोन खोल्या सोलापुरातल्या मिशनच्या आवाराच्या अगदी टोकाला होत्या. मागच्या दगडी भिंतीपलीकडे तेलुगू विणकरांची आळी होती. सकाळी गिरणीचा भोंगा व्हायच्या आत त्यांचे माग सुरू होत, आणि त्या खटक-खटक आवाजावर आई उखळात शेंगदाण्याची चटणी कुटत असे. दोन्ही आवाज इतके एका तालात पडत की पलीकडचा माग थांबला तर आईचा हातही क्षणभर थांबायचा. आज डॉक्टरांनी मला शेंगदाणे बंद केले आहेत. डॉक्टर सोलापूरचे नाहीत.

आवाराच्या मागच्या मोकळ्या रानात दरवर्षी दिवाळीनंतर मैंदर्गीकडच्या धनगरांचा कळप दोन-तीन दिवस उतरायचा. त्यांच्यातली निंगव्वा नावाची एक उंच, हाडाची बाई आमच्या विहिरीवर पाण्याला येई. कपाळावर आणि हनुवटीवर गोंदण, अंगावर घोंगडं, आणि मराठी असं की अर्ध्या वाक्यात कानडी शिरायची. आम्ही ख्रिस्ती झालेली माणसं, आणि आमचे आजे कोण होते हे गावाला ठाऊक होतं. पहिल्या वर्षी निंगव्वाने आमच्या पोहऱ्याला हात लावला नाही. स्वतःचा दोर, स्वतःची घागर घेऊन आली. दुसऱ्या वर्षी तिचा दोर तुटला आणि तिने आमचाच पोहरा घेतला. आई काही बोलली नाही, तीही बोलली नाही. तिसऱ्या वर्षापासून दोघी विहिरीच्या काठावर बसून सुनांबद्दल बोलू लागल्या. आईला सून नव्हती; ती ऐकायचं काम करत असे.

मी दहा-अकरा वर्षांची असताना माझा भाऊ आनंद झाला. तो बारा दिवसांचा असताना आईला विषमज्वर झाला. पंधरा दिवस ती शुद्धीत-बेशुद्धीत होती आणि तिचं दूध आटलं. दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंनी सांगितलं ते सगळं झालं. म्हशीचं दूध पाणी घालून पाजलं, ते बाळाने ओकून टाकलं. गाईचं पाजलं, त्याने पोट बिघडलं. बाळ सुरकुतत चाललं. त्याच्या रडण्याचा आवाज मांजराच्या पिल्लासारखा झाला, आणि मग तोही बारीक झाला. चर्चचे पाळकसाहेब आले, आईच्या खाटेशी उभे राहिले, आणि त्यांच्या समोर बाबांनी देवाला वचन दिलं: ही दोघं वाचली तर येत्या उपकारस्तुतीच्या सणाला घरातली सर्वांत मोलाची वस्तू देवाच्या चरणी ठेवीन. पुढे आई बरी झाल्यावर याला नवस म्हणत असे, आणि बाबा दर वेळी चिडत. "नवस मूर्तिपूजक करतात. आपण वचन देतो." आई विचारी, "फरक काय?" बाबा फरक सांगत. तो लांब होता.

त्याच आठवड्यात कळप उतरला. निंगव्वा विहिरीवर आली, आई दिसली नाही म्हणून दाराशी आली. मी बाळाला बोंडल्याने साखरेचं पाणी पाजत होते आणि ते ओघळून जात होतं. तिने उंबऱ्यातूनच आत पाहिलं, बाळाकडे पाहिलं, "यव्वा!" म्हणाली आणि निघून गेली. थोड्या वेळाने परत आली ती एका काळ्या शेळीला दोरीने ओढत.

"ही करी," ती मला म्हणाली. करी म्हणजे कानडीत काळी. "हिचं करडू परवा लांडग्यानं न्हेलं. हिच्यात थान हाय, प्यायला कुनी न्हाय. तुमच्यात प्यायला हाय, थान न्हाय. आय उठंपतूर ठेव. परत येताना मी न्हेती."

तिने मला तिथेच दूध काढायला शिकवलं. अंगठा कुठे दाबायचा, बोटं कशी एकामागून एक मिटायची, शेळीने लाथ झाडली तर गुडघ्याने कसं अडवायचं. "मीठ चारत जा अदनंमदनं. अन् सांच्या-सकाळी पिळायची म्हंजे पिळायची. चुकवायचं न्हाय." मग ती कळपामागे गेली. आनंद करीचं दूध प्याला, ओकला नाही, झोपला. तिसऱ्या दिवशी त्याच्या रडण्याला पुन्हा आवाज आला, आणि भिंतीपलीकडच्या विणकर बायका काय झालं ते बघायला भिंतीवरून डोकावल्या.

बाबा कृतज्ञ झाले. हे मी थट्टेने लिहीत नाही. तो माणूस त्या रात्री भिंतीकडे तोंड करून रडला होता, आणि नंतर मी पुष्कळ कोरडे सद्गृहस्थ पाहिले म्हणून त्या रडण्याची किंमत मला कळते. पण बाबांची कृतज्ञता वरच्या दिशेने जाई. आजूबाजूला सांडत नसे. पहिल्या रविवारी त्यांनी उपासनेत साक्ष दिली, त्यात निंगव्वाचं नाव होतं. देवाने मैंदर्गीच्या निंगव्वा धनगरिणीच्या हातून शेळी पाठवली, असं ते म्हणाले. लोकांना साक्ष आवडली. बुधवारच्या प्रार्थनासभेत पुन्हा सांगायला लावली. तिथे ती "एक धनगरीण" झाली. पुढच्या महिन्यात शेजारच्या ख्रिस्ती मंडळीने बोलावलं, तिथे "एक परकी स्त्री" झाली. आणि माघ लागेपर्यंत साक्ष इतकी गुळगुळीत झाली, की एके सकाळी बाबा दार उघडतात तो दारात शेळी उभी! शास्त्रातल्या, रानात लपलेल्या संदेष्ट्याला कावळे भाकर आणून देत, तीच गोष्ट सोलापुरात घडली. मी काही मागे नव्हते. रविवारच्या शाळेत सांगताना मी दारात उजेड पडल्याचंही घातलं.

आई तोवर उठून बसायला लागली होती. एकदा बाबांची साक्ष तिने खाटेवरून ऐकली, पाहुण्यांना सांगत होते ती. पाहुणे गेल्यावर म्हणाली, "आवं, त्या कावळ्यांचं पुढं काय झालं?"

"कोणत्या कावळ्यांचं?"

"भाकरी आननाऱ्या. त्यांना कुनी काय म्हनलं का, का उडूनच गेले बिचारे?"

शास्त्रात याबद्दल काही लिहिलेलं नाही, असं बाबांनी सांगितलं. खरंच नाही, मी नंतर शोधलं.

आता उपकारस्तुतीच्या सणाबद्दल. ज्वारीची काढणी झाली की आमच्या मंडळीत हा सण होई. चर्चला आम्ही देऊळच म्हणत असू. प्रत्येक घराने आपल्या कष्टातलं काहीतरी आणायचं: कणसांची पेंढी, मडक्यात तूर, अंडी, कोंबडा, कुणी विणलेलं पंच्याचं कापड. घरातल्या कर्त्याने उभं राहून कशाबद्दल उपकार मानायचे ते सांगायचं आणि वस्तू पुढे ठेवायची. उपासना सुटली की देवळाबाहेर लिंबाखाली या सगळ्याचा लिलाव व्हायचा आणि आलेला पैसा बोर्डिंगातल्या मुलांकडे जायचा. साधा आणि चांगला सण होता. पण त्या वर्षी मुंबईहून मिशनचे मोठे साहेब येणार होते, त्यामुळे तो साधा राहिला नाही. कडब्याची कमान उभी राहिली. तिच्यावर कापसाने स्वागताची अक्षरं चिकटवली. हार घालण्याची तालीम झाली, तिच्यात साहेबांच्या जागी शाळेचा शिपाई बसायचा. त्याला दोन आठवड्यांत इतके हार पडले की सणाच्या दिवशी तो जरा उदास दिसला. आणि एवढ्या थाटात हेडमास्तरांनी ठेवायची वस्तू काय, हा प्रश्न घरात उभा राहिला.

मोलाची वस्तू म्हणावी असं आमच्याकडे काही नव्हतं. बाबांनी घरभर नजर फिरवली आणि ती अंगणात करीवर थांबली.

"ती आपली न्हाय," आई म्हणाली.

"आपलं काय आहे? सर्व त्याचंच आहे."

"त्याचं आसंल. पर शेळी निंगव्वाची हाय. अन् लेकरू पितंय अजून."

"तो आता सहा महिन्यांचा होईल. पेज पचते त्याला. अगं, जे प्रार्थनेच्या उत्तरादाखल आलं ते परत देण्यातच खरी उपकारस्तुती. निंगव्वाला आपण दुसरी शेळी देऊ. देव पुरवील."

"देव पुरवील तवा आधी निंगव्वाला पुरवा," आई म्हणाली. पण ती अजून भिंत धरून चालत होती, आणि बाबांनी सगळ्या मंडळीसमोर कधीच जाहीर करून टाकलं होतं. शेळीशिवाय आता फक्त साक्ष उरली असती, आणि साक्षीचा शेवट तर बाबांनी शेळीवरच बेतला होता.

सणाच्या सकाळी मी गडू घेऊन अंगणात गेले, तर बाबांनी थांबवलं. आज दूध काढायचं नाही. देवाला द्यायची ती भरल्या कासेने द्यावी. आतून आईचा आवाज आला, "बाजारात इकायला न्हेताना बी असंच करत्यात." बाबांनी ऐकलं नाही असं केलं. करीच्या गळ्यात झेंडूची माळ घातली, शिंगांना रंगीत कागद गुंडाळला आणि तिला घेऊन ते पुढे गेले. आनंदला मी पेज दिली, ती त्याने दोन घोट घेऊन थुंकली. मग बोंडल्याने साखरपाणी. ते प्याला आणि माझ्याकडे असा बघत राहिला, जसं कुणी मोठ्या माणसाच्या शब्दावर विश्वास ठेवून बसावं.

उपासना लांबली. मोठे साहेब इंग्रजीत बोलत आणि पाळकसाहेब ते मराठीत सांगत, म्हणजे प्रत्येक गोष्ट दोनदा होई. आई आनंदला मांडीवर घेऊन बायकांच्या बाजूला चटईवर बसली होती, पाठ खांबाला टेकून. करीला वेदीजवळ बांधलं होतं. भाषण ऐन रंगात आलेलं असताना तिने शोभेची कणसं खायला सुरुवात केली. कुणी उठायला धजेना. मग बाबा उभे राहिले. त्यांनी सुंदर भाषण केलं. आजही मला कबूल करायला हवं. दार उघडलं, दारात शेळी उभी होती, आणि पुरुषांच्या बाजूने "आमेन" असा घोष उठला. साहेबांना ते भाषांतर करून सांगितलं, तेव्हा त्यांनी चष्मा काढून पुसला. नेमका त्याच वेळी आनंद रडू लागला, आणि थांबेना. आई त्याला थोपटत होती, पण तिची नजर बाबांवर होती.

लिलावाला गावातले चार लोक बाहेरून येत. इमामभाई खाटीक दरवर्षी येई, कोंबडे आणि असलीच तर शेळी घेई. गोरा, दाढीला मेंदी लावणारा, फार गोड बोलणारा माणूस. करीची बोली झाली, ती त्याच्यावर थांबली. त्याने दोरी हातात घेतली, सवयीने तिची पाठ चाचपली, तोंड वर केलं, आणि कानाशी थबकला. उजव्या कानाला दोन खाचा होत्या. धनगर आपल्या जनावरांना अशा खुणा करतात. मी त्या रोज पाहत होते, पण मला त्या कानाचाच भाग वाटायच्या.

"मास्टरसाब," तो म्हणाला, "ये तो निंगव्वा की बकरी हय. उसके जनावराँ के कान मै पैचानता नै क्या? तुमकू बेची क्या उने?"

बाबांनी त्या कानाकडे पाहिलं.

"दिई क्या?"

पाळकसाहेब पुढे आले. म्हणाले की, इमामभाई, वेदीपाशी ठेवलेली वस्तू आता देवाची आहे, मागची चौकशी नको. लोक सरकून जवळ आले. मोठ्या साहेबांनी विचारलं, तो गृहस्थ काय म्हणतो आहे? पाळकसाहेबांनी सांगितलं, तो शेळीची स्तुती करतो आहे.

तेवढ्यात बायकांतून आई आली. एका हाताने माझा खांदा धरला होता, दुसऱ्या हातावर आनंद किंचाळत होता. लिलावात बायका बोलत नसत, आणि आई तर उपासनेतही कधी उभी राहिली नव्हती. "निंगव्वाचीच हाय शेळी," ती म्हणाली. "माजं दूध आटलं तवा ठेवून गेली. परत न्ह्यायला येनार हाय. दारात कुनी उभी-बिभी न्हवती. करुणाच्या हातात दोरी दिली तिनं. इचारा हिला."

सगळे माझ्याकडे बघू लागले. उजेड मीच पाडला होता, त्यामुळे माझे कान तापले. मी मान हलवली. इमामभाईने दोरी सोडून दिली नाही. तो चालत बाबांकडे गेला आणि ती त्यांच्या हातात ठेवली. आवाज अगदी खाली आणून म्हणाला, "हमारे में बी कुर्बानी देते, मास्टरसाब. पन अपना जनावर देते. दुसरे का नै देते."

मी त्यानंतर बरीच प्रवचनं ऐकली, काही वाचली, एक-दोन लिहिलीही. अर्पणाबद्दल त्या खाटकाहून कमी शब्दांत कुणी सांगितल्याचं आठवत नाही.

लोक पांगले. पाळकसाहेबांनी गाणं सुरू केलं आणि साहेबांना फराळाकडे नेलं. आम्ही लिंबाखाली चौघं राहिलो, आणि करी. बाबांचा चेहरा खडूसारखा झाला होता. आई म्हणाली, "कालपास्नं तिचा तळ अक्कलकोटच्या रस्त्याला पडलाय. मला विहिरीवर कळलं. आत्ताच्या आत्ता जावा. शेळी घेऊन जावा, अन् काय केलं ते सांगा."

"आणि तिने ती ठेवून घेतली तर?"

आनंद रडून रडून निळा झाला होता. आईने त्याच्याकडे पाहिलं. तो आता साठीच्या पुढे आहे, आणि मी हे लिहिते आहे तेव्हा शेजारच्या खोलीत मोठ्याने रेडिओ लावून बसला आहे. वाचकाने काळजी करू नये. पण त्या दुपारी लिंबाखाली हे आम्हाला कुणी सांगितलेलं नव्हतं.

"तिची हाय," आई म्हणाली. "ठेवली तर ठेवली."

मी गडू मागितला. लेकराला आत्ता थोडं दूध काढून देते, मग जाऊ. आईने एकदम मान हलवली. "इचारल्याबिगर न्हाय. लौकर या." मला ते तेव्हा क्रूर वाटलं. आज वाटत नाही, असंही मी म्हणणार नाही. पण त्या दिवशी आमच्या घरात कुणीतरी ते म्हणायला हवं होतं.

अक्कलकोटच्या रस्त्याने बाबा, मी आणि करी निघालो. ऊन माथ्यावर होतं. बाबांच्या अंगावर सणाचा काळा कोट. करी पाय फाकून चालत होती, मधूनच थांबून ओरडत होती. बाबा एरवी रस्त्याने चालताना प्रार्थना करीत, ओठ हलताना दिसायचे. त्या दिवशी ओठ हलत नव्हते. एकदाच म्हणाले, "तू मला सांगितलं होतंस, ती परत न्यायला येणार आहे असं." मी म्हटलं, "हो." "पहिल्याच दिवशी." "हो." मग तळ येईपर्यंत ते करीच्या पावलाने चालले.

कापणी झालेल्या रानात मेंढरं बसली होती. निंगव्वा बाभळीखाली लोकर पिंजत होती. आम्हाला पाहून ती उठली, पण तिने आमच्याकडे पाहिलंच नाही. सरळ करीकडे गेली, गळ्यातली माळ आणि शिंगांवरचा कागद पाहिला, आणि मग खाली वाकून कास पाहिली.

"यप्पा! दगुड झालाय की! सकाळधरनं पिळली न्हाय? काय गं पोरी, तुला काय सांगितलं हुतं मी?"

"मीच नको म्हटलं," बाबा म्हणाले. आणि त्यांनी सगळं सांगितलं. वचनापासून. घरातली मोलाची वस्तू, साक्ष, दारात उभी राहिलेली शेळी, लिलाव, खाटीक. काही गाळलं नाही. छापील मराठी अर्ध्या वाटेत कुठेतरी गळून पडलं. शेवटी ते तुकड्या-तुकड्यांत बोलत होते. निंगव्वा ऐकताना कमरेवर हात ठेवून उभी होती.

"खाटकाला? माझी करी?"

"हो."

"देवाच्या नावानं?"

"हो."

"तुझा देव शेळी मागाया आला हुता व्हय रं मास्तर?"

"नाही. मीच बोललो होतो."

ती बराच वेळ बोलली, त्यातलं बरंचसं कानडीत होतं, आणि ते आम्हाला कळलं नाही याबद्दल मी कृतज्ञ आहे. बाबा खाली मान घालून उभे होते. शाळेत मुलं जशी त्यांच्यासमोर उभी राहत, तंतोतंत तसे. मग तिने एकदम विचारलं, "लेकरू काय प्यालं आज?"

बाबांनी माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, "साखरेचं पाणी."

निंगव्वा तडक पालाकडे वळली. आत जाऊन दुधाची पितळी गिंडी घेऊन आली. बाबांनी हात जोडले. दिवसातून तीनदा पेरणाऱ्यापासून जातं ओढणाऱ्यापर्यंत सगळ्यांबद्दल उपकार मानणारा माणूस, आणि समोर उभ्या राहिलेल्या एका बाईला काय म्हणायचं ते त्याला येत नव्हतं.

"हात कशापायी जोडतोस? मी काय देव हाय?" ती म्हणाली. "देवाला आता काय देनार मग?"

"अजून सुचलं नाही," बाबा म्हणाले.

"मग बस की हितं. सुचंपतूर दूध काढ." तिने गिंडी त्यांच्या पुढ्यात ठेवली. "पोरगी न्हाय. तू. देयाची घाई ज्याला, त्यानं पिळावं."

बाबांनी कोट काढला, घडी घालून माझ्याकडे दिला आणि मेंढरांच्या लेंड्यांत उकिडवे बसले. पहिली धार त्यांच्या बाहीत गेली. दुसरी माझ्या पायावर. करीने लाथ झाडली, निंगव्वा ओरडली, "गुडघा लाव, गुडघा!" आणि तिची हनुवटीवरची गोंदणं हसू दाबताना थरथरली. मग एक धार गिंडीत वाजली, मग आणखी एक.

"लेकराला पुरंल येवढं घेऊन जा," ती म्हणाली. "अन् हिला बी घेऊन जा. पाऊस लागला की मी येती न्ह्यायला. पर पिळनार तू."

बाबांनी वर पाहिलं. त्यांना पुन्हा हात जोडायचे होते, हे मला दिसत होतं. पण दोन्ही हात कामात होते.